ट्रायप्लाय स्टीलची भांडी, बरेच महिने रोज वापरून झाल्यावर

नॉनस्टिकचं कोटिंग उडायला लागलं तसा वैताग आला आणि सरळ स्टीलवर आले, एक ट्रायप्लाय म्हणजे तीन थरांचा पॅन, एक पातेलं आणि एक साधी पाण्याची बाटली. आता घासून, आपटून, करपवून सगळं झालंय म्हणून लिहितेय.

आधी चिकटण्याचं. हो, चिकटतं, पण पॅन नीट तापला नसेल तर. मध्यम गॅसवर रिकामा तापवायचा, पाण्याचा थेंब टाकून बघायचा, तो चुर्र करून लगेच उडून गेला तर अजून थांबायचं आणि गोल मणी होऊन घरंगळायला लागला की तेल घालायचं, मग बाकीचं. त्यानंतर उलथनं घालायची घाई नाही, खालची बाजू भाजली की आपोआप सुटतं, अंडंसुद्धा.

आता ट्रायप्लायच का? तर स्टील उष्णता पसरवण्यात खरंच ढ आहे, अॅल्युमिनियम साधारण दहापट बरं. म्हणून पातळ एकपदरी भांड्यात जिथे ज्योत लागते तेवढंच करपतं आणि कडेचं कच्चं राहतं. ट्रायप्लायमध्ये स्टीलच्या दोन थरांत अॅल्युमिनियम असतं, तेही कडेपर्यंत. नुसत्या तळाला जाड चकती लावलेली भांडी मिळतात त्यांत चकती संपते तिथे गोल रेषेत करपतं, हे बघून घ्या.

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ओरखडे. स्टेनलेस म्हणायला लोखंडात किमान १०.५ टक्के क्रोमियम लागतं, ते हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर करतं, डोळ्यांना दिसतही नाही. ओरखडा पडला की तिथे तो थर परत आपला आपण तयार होतो! कोटिंग एकदा गेलं की गेलं, इथे तसं नाही. माझ्या पॅनची चकाकी घासणीने पार गेलीय पण गंज कुठेच नाही. फक्त लोखंडी तारेची घासणी वापरू नका, तिचे कण चिकटून राहतात आणि तेच गंजतात, मग लोक म्हणतात स्टील गंजलं.

या थराचा खरा शत्रू मीठ. गार पाण्यात मीठ टाकलं आणि ते तळाशी बसून राहिलं की क्लोराइडमुळे बारीक बारीक खड्डे पडतात आणि ते घासून जात नाहीत, त्यामुळे उकळी आल्यावर मीठ घालून ढवळायचं. ब्लीचचंही तेच. इंद्रधनुष्यासारखे डाग मात्र निरुपद्रवी आहेत, उष्णतेने तोच थर जाड होतो म्हणून रंग दिसतात. पांढरे ठिपके जड पाण्यातल्या कॅल्शियमचे. दोन्ही व्हिनेगरने जातात.

लोहचुंबक लावून क्वालिटी बघायचा (चिकटलं नाही तर स्टील चांगलं) सल्ला सगळीकडे मिळतो, मला तो अर्धवट वाटतो. १८/८ म्हणजे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल (३०४ ग्रेड), त्याला चुंबक जवळजवळ चिकटत नाही, पण निकेल कमी करून मँगनीज घातलेल्या स्वस्त २०२ ग्रेडलाही चिकटत नाही, मग कळणार काय? उलट इंडक्शनवर चालावं म्हणून चांगल्या ट्रायप्लायचा बाहेरचा थर मुद्दाम चुंबकाला चिकटणारा, बहुतेक ४३० ग्रेडचा असतो. ग्रेड कोरलेला किंवा लिहिलेला असेल तरच विश्वास ठेवा. निकेलची अॅलर्जी असेल तर आंबट पदार्थ नव्या स्टीलमध्ये तासन्‌तास शिजवू नका, थोडं निकेल उतरतं.

बाटलीबद्दल तक्रार नाही, वास धरत नाही. वास येतो तो झाकणातल्या रिंगचा, ती काढून धुवा.

न आवडलेलं? वजन. भरलेलं पातेलं एका हाताने उचलवतच नाही. आणि तापलेल्या पॅनवर गार पाणी ओतलं तर तळ वाकू शकतो त्यामुळे थांबावं लागतं. शिवाय हँडलचे रिवेट आतून वर आलेत, त्यांच्याभोवती चिकट राप साचतो, जुना टूथब्रश लागतो. पुढचं घेताना वेल्ड केलेलं हँडल बघणार.