लहान भावंडांच्या फोटोंसाठी ८५ एमएम: वर्षभर वापरल्यावर आणि सर्व्हिसवाल्यांशी भांडल्यावर

८५ एमएम एफ १.८ ही लांबचं जवळ आणणारी कॅमेऱ्याची लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त आणि फोकसची जाडी कमी). तिचे स्पेक्स, शार्पनेस, बोके (मागचा धूसरपणा) यावर काही लिहीत नाही, ते सगळीकडे लिहिलेलं आहे आणि खरंही आहे. कंपनीचं नावही लिहीत नाही, कारण माझी तक्रार अजून मिटलेली नाही आणि जे सांगायचंय ते कुठल्याही कंपनीच्या ८५ ला लागू होतं. मी बेळगावात घरी जाऊन फॅमिली फोटो काढते. त्यातलं जास्त काम लहान भावंडांचं, म्हणजे एक चार-पाच वर्षांचं आणि दुसरं रांगणारं नाहीतर नुकतंच जन्मलेलं. बॉडी फुल फ्रेम मिररलेस, म्हणजे मोठ्या सेन्सरची, आत आरसा नसलेली. लेन्स गेल्या पावसाळ्याआधी नवी घेतली, पक्क्या बिलावर, लग्नाच्या ऑर्डरींतून बाजूला टाकलेल्या पैशातून.

सुरुवातीला मी खूपच खूश होते. इथल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडांत किंवा किल्ला तलावाच्या बाजूला संध्याकाळी पोरांना हात धरून चालायला सोडायचं आणि आपण लांब थांबायचं. पोरं कॅमेरा विसरतात, मागची हिरवळ विरघळून जाते, आई-बाबा स्क्रीनवर बघूनच खूश. तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

पण पाऊस लागला आणि सगळी कामं घरात आली. ८५ चा खरा त्रास मग कळाला, आणि तो कुठल्याच रिव्ह्यूत मला वाचायला मिळाला नव्हता. हात पोचत नाही. सगळं इथंच येऊन अडतं बघा. दोन पोरं बसलेली, आजूबाजूला थोडी मोकळी जागा, म्हणजे फ्रेमची उंची साधारण सव्वा मीटर धरा, कॅमेरा आडवा. ८५ ला त्यासाठी सव्वाचार मीटरच्या वर लांब जावं लागतं, म्हणजे चौदा-पंधरा फूट. आपल्याकडची हॉल-बेडरूम दहा बाय बारा. मी दाराबाहेर पॅसेजमध्ये उभी, मध्ये आजी, चहाचा ट्रे घेतलेली काकू, आणि तिकडं धाकट्यानं मोठ्याच्या डोळ्यात बोट घातलं तरी मी पोचेपर्यंत रडारड सुरू. धाकटं एकदा बिथरलं की मोठंही कंटाळतं आणि पुढचा अर्धा तास गेला. लांबून “इकडं बघ, इकडं बघ” ओरडायला लागतं, कन्नड बोलणाऱ्यांच्या घरी “इल्ली नोडु”, आणि ओरडून काढलेल्या फोटोत दोन्ही पोरं एकमेकांकडे न बघता माझ्याकडे टकामका बघत असतात. तो पासपोर्टचा फोटो झाला, भावंडांचा नाही.

जवळ जाऊन नुसते चेहरे घ्यावे तर दुसरी अडचण. दोन मीटरवरून एफ १.८ ला फोकसमध्ये राहणारी जाडी जेमतेम ६ सेंटीमीटर. धाकटं मांडीत, मोठं त्याच्या मागं, दोघांच्या डोळ्यांत अर्ध्या वितीचं अंतर, म्हणजे एक जण धूसर ठरलेलाच. एफ ५.६ केलं तर १८-१९ सेंटीमीटर मिळतात, मग काम होतं, पण एवढे पैसे १.८ साठी मोजले आणि वापरायचं ५.६? पावसाळी उजेडात ५.६ आणि पोरं हलतात म्हणून शटर निदान १/२५० ठेवायचं म्हटलं की आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) कुठल्या कुठे जातो आणि फोटोत दाणे येतात. आय ऑटोफोकसचं (डोळा ओळखून आपोआप फोकस करण्याचं) तर विचारू नका, एका चेहऱ्यासाठी उत्तम, दोन आले की जो जवळ किंवा मोठा दिसतो त्याच्यावर उडी मारतो. आता चेहरा मी स्वतः बोटानं निवडते आणि दोघांना शक्यतो एकाच रेषेत बसवते, गाल गालाला लागलेला.

तरीही मी ८५ च वापरत राहिले असते. मे महिना आमचा सीझन. पुण्या-मुंबईच्या, गोव्याच्या लेकी सुट्टीला माहेरी येतात आणि आजी-आजोबांना सगळी नातवंडं एका फ्रेममध्ये पाहिजे असतात. ऐन त्यातच फोकस अडकायला लागला, मोटरमधून घरघर, मग पूर्ण बंद. इथल्या कलेक्शन सेंटरवर दिली, तिथून बेंगळुरूला गेली, आणि बऱ्याच दिवसांनी मेल आला की आत मॉइश्चर आहे, वॉरंटीत बसत नाही, मोटर बदलायची, एस्टिमेट लेन्सच्या किमतीच्या निम्म्याला टेकलेलं. मी संतापले. बेळगावचा पाऊस काय आम्हाला नवा आहे का? म्हणून तर पहिल्या दिवसापासून लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेल, हवेतली ओल मोजणाऱ्या हायग्रोमीटरचा काटा ४० ते ५० च्या मध्ये. ओल लागली तर काचेवर बहुधा फंगस (बुरशी) दिसते, आणि त्यांनीच पाठवलेल्या फोटोत काच लख्ख आहे. मग मोटर मॉइश्चरनं गेली हे कशावरून? याचं उत्तर आजपर्यंत लेखी मिळालेलं नाही. फोनवर कन्नडमधून विचारलं, हिंदीतून विचारलं, दर वेळी माणूस नवीन आणि गोष्ट पहिल्यापासून सांगायची.

सीझन थांबणार थोडाच. कपाटात जुनी ३५ एमएम एफ १.८, म्हणजे जवळूनही जास्त जागा फ्रेममध्ये घेणारी लेन्स, पडून होती, सेकंडहँड घेतलेली, लग्नात मंडप दाखवायला वापरायचे. तीच लावून वडगावात एका विणकराच्या घरी गेले. पुढच्या खोलीत यंत्रमाग चालू, मागची खोली दहा बाय दहाची, एक खिडकी. पाच वर्षांची आक्का आणि दहा महिन्यांचा भाऊ. त्याच सव्वा मीटरच्या फ्रेमला ३५ एमएमला पावणेदोन-दोन मीटर पुरतात. मी खिडकीला पाठ लावून फरशीवरच बसले, पोरगी पाय पसरून समोर, बाळ तिच्या दोन पायांच्या मध्ये टेकवलेलं. मागाच्या आवाजात ओरडून उपयोगच नव्हता, म्हणून मी पुढं वाकून तिला हळूच म्हटलं, बाळाच्या डोक्याचा वास घे बघू, कसा येतोय? तिनं नाक लावलं आणि लांब श्वास घेतला, बाळानं मान वर करून तिची हनुवटी धरली, आणि ती त्याच्या कानात म्हणाली, “तेल लावलंय तुला.” त्याच्या मुठीत तिच्या फ्रॉकची नाडी होती. बाळ एका बाजूला कलायला लागलं तेव्हा माझाच डावा हात गेला, सावरलं, परत कॅमेरा डोळ्याला. त्यांच्या आईनं फोटो बघितला आणि म्हणाली, “मॅडम, हे दोघं रोज असंच करतात ओ.” मला हेच पाहिजे होतं, आणि पॅसेजमधून ते कधीच मिळालं नसतं.

एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर कुणीतरी म्हणेल ३५ ला डेप्थ (फोकसमध्ये राहणारी जाडी) जास्त मिळते म्हणून फोटो चांगला आला. तसं नाही. फ्रेम तेवढीच ठेवली आणि एफ नंबर तोच ठेवला तर दोन्हीत डेप्थ जवळपास सारखीच येते. फरक फक्त तुम्ही कुठं बसलाय याचा. ३५ चे त्रासही आहेत, पुढं बसलेल्याचं डोकं मोठं दिसतं, काठावरचे चेहरे ताणले जातात, मागची खुंटीवरची टॉवेलं सगळी दिसतात. पोरं मधोमध ठेवा, कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा, टॉवेलं आधीच काढा. सायलेंट शटर (आवाज न करणारं) बाळ झोपलेलं असताना फार उपयोगी, पण आपल्याकडं वीज ५० हर्ट्झ, उजेड सेकंदाला शंभरदा लुकलुकतो, त्यामुळे एलईडी ट्यूबखाली वेगवान शटरला पट्टे येऊ शकतात. शक्यतो ट्यूब बंद आणि खिडकीचा उजेड.

नवजात बाळ असेल तर जवळ असण्याला पर्यायच नाही. मोठ्या भावाच्या हातात बाळ उभ्यानं देऊ नका, कितीही हट्ट केला तरी. मोठ्याला गादीवर आडवं करा, बाळ त्याच्या दंडाला लागून, डोक्याला आधार, आणि आईचा हात फ्रेमच्या काठाला तयार. चार वर्षांचं पोर कंटाळलं की न सांगता हात काढून घेतं, तेव्हा पंधरा फुटांवरचा फोटोग्राफर काय कामाचा?

लेन्सचं सांगायचं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवल्यावर सर्व्हिसवाल्यांचा सूर बदलला. लेबर माफ, पार्टचे पैसे द्या. लेन्स अडकून राहायला नको म्हणून भरले, पण हे मला मान्य नाही असं लिहून दिलं, आणि त्या पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगाचे कागद तयार करतेय. मेल, एस्टिमेट, पावत्या, सगळं जपून ठेवा, मोबाईलवरच्या कॉलला काही किंमत नसते.

आता ८५ परत बॅगेत आहे. मोठ्या भावंडाचे एकट्याचे फोटो मी आधी त्यानंच काढते, कारण बाळ आल्यापासून सगळे बाळाकडंच बघत असतात आणि पाच-दहा मिनिटं फक्त आपल्यासाठी मिळाली की ते पोर नंतर बाळाजवळ खुशीनं बसतं. त्या कामाला आणि बाहेर मोकळ्यावर पाचपैकी चार. घरातल्या दोघांसाठी एक. पैसे मोजकेच असतील तर आधी ३५ घ्या, सेकंडहँड चालेल, फक्त घेताना फोकस जवळ-लांब करून मोटरचा आवाज कानाला लावून ऐका. ८५ मे महिन्यात भाड्यानं मिळते.