हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा: स्पेक्ट की पेट?

स्पेक्ट आणि पेट या हृदयाच्या स्कॅनच्या दोन पद्धती. दोन्हींत शिरेतून किरणोत्सारी द्रव्य देतात आणि विश्रांतीतली व ताणाखालची (व्यायामाने किंवा औषधाने हृदयावर ताण देऊन घेतलेली) चित्रं शेजारी ठेवून बघतात. ताणात फिका पडलेला भाग विश्रांतीत भरून आला, तर रक्तपुरवठा अपुरा. दोन्हींत फिकाच राहिला, तर बहुधा जुना व्रण.

स्पेक्टमध्ये (बोलीत अजूनही ‘थॅलियम’) सहसा टेक्नेशियम-९९एम वापरतात. त्याचं अर्धायुष्य (किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा वेळ) ६ तासांचं, त्यामुळे ट्रेडमिलवर धाववून नंतर निवांत चित्रण करता येतं. पण चित्र सापेक्ष असतं: सगळ्यात उजळ भाग निरोगी धरून बाकीचे त्याच्याशी ताडतात. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या तिन्ही मुख्य रोहिण्या सारख्याच अरुंद असल्या, तर सगळंच एकसारखं दिसतं आणि अहवाल ‘नॉर्मल’ येऊ शकतो. ही खरी गोम. शिवाय स्तनांमुळे पुढची, तर श्वासपटलामुळे खालची भिंत उगाच फिकी दिसते. पालथं झोपवून पुन्हा चित्र घेतलं की खालचा घोळ बराचसा सुटतो.

पेट रक्तप्रवाह थेट मोजतं, दर ग्रॅम स्नायूमागे मिनिटाला किती मिलिलिटर. ताणातला प्रवाह विश्रांतीच्या दुपटीहून कमी भरला, तर सहसा काळजीचं. मात्र पेटमध्ये वापरतात त्या रुबिडियम-८२चं अर्धायुष्य जेमतेम ७६ सेकंद, म्हणून ताण औषधानेच द्यावा लागतो. पेटसोबत काढलेल्या सीटी स्कॅनची आणि पेटची चित्रं नीट जुळली नाहीत, तर बाजूच्या भिंतीत खोटा डाग उमटतो.

ताणासाठी अ‍ॅडेनोसिन हे औषध देणार असतील तर आधी किमान १२ तास चहा-कॉफी बंद. कॅफिन औषधाचा परिणाम अडवतं.

वजन जास्त किंवा तिन्ही रोहिण्या अरुंद असल्याचा संशय असेल, तर पेट. चालता येत असेल, तर स्पेक्ट पुष्कळदा पुरतं.