जेमीटरचा रॅम्प-अप: आठ महिन्यांच्या वापरानंतर

जेमीटर म्हणजे खोटे यूजर सोडून सर्व्हर किती भार पेलतो ते तपासायचं टूल. त्याच्या थ्रेड ग्रुपमध्ये मुख्य आकडे तीनच: थ्रेड (असे यूजर किती), रॅम्प-अप, लूप (प्रत्येकाने स्क्रिप्ट किती वेळा चालवायची). घोळ होतो तो मधल्यात. रॅम्प-अप म्हणजे पहिल्यापासून शेवटच्या यूजरपर्यंत सगळे सुरू व्हायला द्यायचा एकूण वेळ; दोन यूजरमधलं अंतर नव्हे. 100 थ्रेडना 50 सेकंद दिले, की दर अर्ध्या सेकंदाला एक सुटतो. 0 ठेवलं तर सगळे एकदम लॉगिनवर तुटून पडतात. रोजची गर्दी अशी येत नाही, त्यामुळे त्या एररवरून सर्व्हरला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

खरा सापळा वेगळाच आहे. 100 थ्रेड, 100 सेकंद, लूप 1, आणि स्क्रिप्टची एक फेरी 4 सेकंदांची. पाचवा यूजर येतो तोवर पहिला काम आटोपून निघून गेलेला असतो. म्हणजे एका वेळी आत जेमतेम चार जण, आणि रिपोर्टवर मात्र ‘100 यूजर’! कमांड लाइनवरून चालवताना दर 30 सेकंदांनी येणारी समरीची ओळ बघा: ‘स्टार्टेड’ वाढतंय, ‘फिनिश्ड’ही वाढतंय आणि ‘अ‍ॅक्टिव्ह’ 4 वरच अडकलंय, तर टेस्ट फुकट गेली. लूप इन्फिनिट करा आणि ड्युरेशन, म्हणजे टेस्ट एकूण किती वेळ चालवायची ते, द्या. ड्युरेशनमध्ये रॅम्प-अप धरलेला असतो; 15 मिनिटांतली 5 चढण्यात गेली, तर पूर्ण लोड 10 मिनिटंच मिळतो.

सरासरीवरही भिस्त ठेवू नका. चढतानाचे जलद रिस्पॉन्स तिच्यात मिसळतात आणि आकडा उगाच गोंडस दिसतो. निकालाच्या जेटीएल फाइलमधल्या ‘ऑलथ्रेड्स’ (त्या क्षणी चालू असलेले थ्रेड) कॉलमवर फिल्टर लावून फक्त पूर्ण लोडच्या ओळी घ्या.

थ्रेड हजारांत असतील तर ‘डिले थ्रेड क्रिएशन अनटिल नीडेड’वर टिक करा, नाहीतर सगळे थ्रेड आधीच तयार होऊन आपापल्या पाळीची वाट बघत मेमरी अडवतात. तीन मशीनवरून टेस्ट चालवली तर 100 चे 300 होतात, कारण प्रत्येक मशीन अख्खा प्लॅन चालवतं. चढण्याचा वेगही तिप्पट.

पायऱ्यांनी लोड वाढवायचा असेल तर मूळ थ्रेड ग्रुप अपुरा पडतो. प्लगइन म्हणून मिळणारा कन्करन्सी थ्रेड ग्रुप घ्या. टार्गेट 500, रॅम्प-अप 10 मिनिटं, स्टेप्स 5: 100-100 च्या पायऱ्या, प्रत्येकी 2 मिनिटांच्या. कोणत्या पायरीवर रिस्पॉन्स टाइम उसळला ते ग्राफवर बोट ठेवून दाखवता येतं. यूजर संपला की त्याच्या जागी नवा येतो, त्यामुळे तो चार जणांचा घोळही होत नाही.