रोर्क्स ड्रिफ्टची रणभूमी: मार्गदर्शकासोबतची फेरी

दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताळ प्रांतातील ज्या ठाण्यावर 22 जानेवारी 1879 रोजी सुमारे 150 जणांच्या ब्रिटिश तुकडीने तीन-चार हजार झुलू योद्ध्यांना रात्रभर थोपवून धरले, तेथील ही फेरी मला फार मोलाची वाटली. मक्याची पोती आणि बिस्किटांच्या पेट्या रचून केलेल्या तटबंदीची रेषा जमिनीवर दगडांनी आखलेली आहे. तिच्या कडेने चालताना जागा किती चिंचोळी होती, हे ध्यानात येते. येथील बचावासाठी मिळालेल्या 11 व्हिक्टोरिया क्रॉसची (ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक) कथा सर्वत्र ऐकायला मिळते. आमच्या मार्गदर्शकाने मात्र झुलू सेनानी दाबुलामांझीच्या योद्ध्यांचे शौर्य आणि लढाईनंतर झालेली जखमी झुलूंची कत्तलही तितक्याच आस्थेने सांगितली. आधी जवळची इसांडलवानाची रणभूमी अवश्य पाहावी, कारण त्याच दिवशी तेथे झालेल्या ब्रिटिशांच्या दारुण पराभवाशिवाय हा वेढा नीट उमगत नाही.