मोठ्या अक्षरांचं मराठी पवित्र शास्त्र (बायबल): दीड वर्ष वापरून

आधी वजन सांगते, कारण ते कोणी सांगत नाही. केकच्या काट्यावर ठेवून पाहिलं: १ किलो ३८० ग्रॅम, चेनच्या कव्हरसकट. पलंगावर आडवं पडून छातीवर ठेवून वाचायचा बेत असेल तर सोडून द्या. मी पहिल्याच आठवड्यात तो प्रयोग केला, डोळा लागला आणि सगळं नाकावर आलं. चष्मा थोडक्यात वाचला.

आम्ही इंदूरचे. आजोबा नगरहून इथल्या कापड गिरणीत आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, रविवारची उपासना हिंदीत, भांडण दोन्हीत. आजीची जुनी मराठी प्रत वाळवीने खाल्ली तेव्हापासून घरात मराठी शास्त्र नव्हतंच. इथे हिंदी मिळतं, इंग्रजी मिळतं. मराठी, त्यातून मोठ्या टाइपाचं मागितलं की समोरचा ‘मंगवाना पड़ेगा’ म्हणतो आणि मग विसरून जातो. शेवटी पुण्याच्या मावसभावाने इंदूर-पुणे गाडीने येताना आणून दिलं, साडीच्या पिशवीत गुंडाळून.

मोबाइलवर फुकट आहे की, हे मलाही माहीत आहे. दोन वर्षं तिथेच वाचत होते. म्हणजे वाचायला उघडायचे. चार ओव्या होतात न होतात तोच वरून पट्टी घसरत यायची, अमुक यांना तुमची रील आवडली. मग कोण अमुक ते बघायचं, मग त्यांचे फोटो बघायचे, मग पाऊण तास गेला. मी घरून केक करते, नाताळात करंज्या आणि अनारसेही. धंद्यासाठी म्हणून रील सुरू केल्या. करंजीची एक रील नऊ हजार जणांनी पाहिली. त्या दिवशी माझी मान अशी ताठ, की सासूबाईंनी विचारलं, आखडली का? पुढच्या रीलला एकशे चाळीस. त्यातले तीन लाइक घरचे. मग चौदाशे रुपयांचा रिंगलाइट आणला. मला वाटलं, उजेड कमी पडतोय.

तर कागदाचं घेतलं ते एवढ्यासाठी, की त्यात वरून पट्टी येत नाही.

छपाई चांगली आहे. माझा नंबर उणे साडेसात, तरी रात्री ट्यूबलाइटमध्ये त्रास होत नाही. कागद मात्र फार पातळ. मागच्या पानाची अक्षरं पुढे उमटून दिसतात. उपाय सापडला आहे: केकखाली घालतो तो काळा पुठ्ठा पानामागे सरकवायचा, मागची अक्षरं दिसेनाशी होतात. बॉलपेनने रेघ मारू नका, तीन पानं खराब होतात. पेन्सिल, आणि तीही हलक्या हाताने. खुणेची फीत एकच आहे, दोन हव्या होत्या. तिचं टोक सुटायला लागल्यावर काडी ओढून जरा जाळून घेतलं. चेनचं कव्हर वेगळं घेतलं होतं, त्याचा रनर तिसऱ्या महिन्यात निघाला. राजवाड्याजवळ फुटपाथवर बसणाऱ्या चेनवाल्याने दोन मिनिटांत बसवला, तो अजून टिकून आहे.

भाषा जुन्या वळणाची, पण अडत नाही. उलट तिची एक गंमत आहे. स्तोत्र १३९ मध्ये, देवाने आपल्याला आईच्या उदरात घडवलं तिथे, मराठीत ‘भयप्रद व अद्भुत रीतीने’ असे शब्द आहेत. लहानपणी रविवारच्या शाळेत मी हे पाठ म्हणायचे तेव्हा धाकटी बहीण कानात कुजबुजायची, ‘ताई, तुझ्या बाबतीत भयप्रद तर पटतं.’ ती गोरी, नाकीडोळी नीटस. मी सावळी, जाड भिंगांची. मला बघायला पाहुणे यायचे त्या दिवशी तिला आत्याकडे पाठवायचे. ही आमच्या घरातली रीतच होती, कोणाला त्यात वावगं वाटायचं नाही. सिनेमात बघावं तर हिरॉइनचा चष्मा काढला की ती सुंदर होते. मी काढला की मला दार दिसायचं नाही.

म्हणूनच असेल, शास्त्राच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीच्या २९व्या अध्यायाशी माझी पेन्सिल थांबली ती महिनाभर. तिथे लेआ आहे. थोरली, डोळ्यांनी अधू. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ मृदू, नाजूक असाही लावतात म्हणे, पण शेजारच्याच वाक्यात धाकट्या बहिणीच्या, राहेलच्या रूपाचं कौतुक आहे, तेव्हा काय म्हणायचंय ते आम्हा चष्मेवाल्यांना कळतं. याकोबाला हवी असते राहेल, आणि ती त्याला मागाहून मिळतेही; पण आधी बाप लाबान फसवून लेआलाच त्याच्या गळ्यात बांधतो. ती मुलांना जन्म देत जाते आणि त्यांच्या नावांमधून नवऱ्याशी बोलत जाते. रऊबेन झाला: आता तरी नवरा माझ्यावर प्रेम करील. शिमोन झाला: मी नावडती आहे हे परमेश्वराने ऐकलं. लेवी झाला: आता तरी नवरा माझ्याशी जडून राहील. तीन बाळंतपणं, आणि दर वेळी तेच, आता तरी. मी हे वाचताना ओट्यावर मोबाइल उपडा पडला होता. माझंही दर रीलमागे तेच चाललं होतं, फक्त माझ्या कळा स्वस्त होत्या.

चौथा यहूदा. त्या वेळी ती नवऱ्याचं नावच काढत नाही. आता मी परमेश्वराचं स्तवन करीन, एवढंच म्हणते. याकोबाचं मन वळलं, असं काही तिथे लिहिलेलं नाही. ते मला फार आवडलं. आणि ख्रिस्ताची वंशावळ पुढे जाते ती ह्याच यहूदातून, देखण्या राहेलच्या योसेफातून नव्हे. हे उपदेशात अनेकदा ऐकलं होतं, पण वंशावळ आली की मी मनात केकच्या ऑर्डरी मोजायचे.

मी सुधारले वगैरे समजू नका. कौतुक मला आजही लागतं. केक नेताना बाईंनी ‘वा’ म्हटलं नाही तर दुपार खराब जाते. पण पूर्वी आठवडा जायचा.

भाषेवरून पंडिता रमाबाईंची आठवण होते, ती सांगून टाकते. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. तेव्हा त्या विशीतल्या. इतकी मोठी शाबासकी पदरात असलेली बाई आयुष्याची शेवटची वर्षं केडगावात बसून, साध्या बायकांना कळावं म्हणून, हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत पवित्र शास्त्र उतरवत राहिली. १९२२ मध्ये गेल्या. ते छापून आलं १९२४ मध्ये. माझ्याकडची प्रत त्या भाषांतराची नाही, ते कुठे मिळालं तर कळवा.

मुलीचं एक. चौदा वर्षांची आहे. हिंदीमुळे देवनागरी सफाईने वाचते, पण ‘ळ’ आला की गाडी अडते. ‘बळ’ला बल, ‘वेळ’ला वेल. रोज रात्री दहा ओव्या मोठ्याने वाचायच्या असं ठरलंय, दर ‘ळ’ला मी टोकते, ती डोळे फिरवते. लेआचा अध्याय झाल्यावर म्हणाली, ‘मम्मी, पण राहेल तरी कुठे खूश होती?’ ३०व्या अध्यायाची पहिलीच ओवी आहे: राहेल बहिणीचा हेवा करते आणि नवऱ्याला म्हणते, मला मुलं दे, नाहीतर मी मरेन. मी महिनाभर पेन्सिल घेऊन बसले होते, पण पान उलटलं नव्हतं.

माझी बहीण आता अडतीसची. मुंबईत असते. रोज सकाळी एक फोटो येतो, खाली एकच वाक्य, ‘ताई, कशी दिसतेय गं, खरं सांग.’ कधी रंगवलेले केस, कधी नवी साडी, कधी नुसताच चेहरा. मी आजवर अंगठा पाठवून मोकळी व्हायचे, मनातल्या मनात थोडी सुखावायचेही, कशाला खोटं बोलू.

मावसभाव दिवाळीत परत येतोय. त्याला आणखी एक प्रत सांगितली आहे, हीच, मोठ्या अक्षरांची. कव्हर घेऊ नकोस म्हटलं, चेन टिकत नाही. बहिणीला चष्मा नाही, पण चाळिशी लांब राहिलेली नाही.