भाता नसलेली पेटी: मिडी कीबोर्डचे आठ महिने

जून लागला की आमची पेटी बंद पडते. बिघडत नाही, फुगते. रत्नागिरीच्या पावसात लाकूड ओल धरतं, पट्ट्या एकमेकींना घासू लागतात, एखादी दाबली की तिथेच बसून राहते आणि सूर वाजतच राहतो. नेमक्या याच दिवसांत आमच्या भजनी मंडळातल्या बायकांना गणपतीसाठी नव्या चाली हव्या असतात. मग मी फोनवर गुणगुणून पाठवायचे आणि प्रत्येकजण आपापल्या पट्टीत ती चाल पाठ करून यायची. गेल्या जूनमध्ये वैतागून ४९ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड घेतला, साडेआठ हजारांना. आता फेब्रुवारी चालू आहे. आठवड्यातून चार दिवस तरी वाजवलाय, वीस-बावीस भजनं त्यावर बसवून रेकॉर्ड केली आहेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या दरातल्या बहुतेक कीबोर्डांची गत थोडीफार सारखीच असणार.

पहिल्या संध्याकाळी यूएसबीची वायर लॅपटॉपला लावली, कीबोर्डचा लाल दिवा लागला, सा दाबला. शांतता. आवाज वाढवला, वायर काढून पुन्हा लावली, तरी शांतता. मुलगी स्वयंपाकघरातून म्हणाली, "आई, त्याला स्वतःचा आवाज नसतोच." दुकानात हे कुणी बोललं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

तर मिडी कीबोर्ड म्हणजे निरोप्या. पट्टी दाबली की तो लॅपटॉपला एवढंच कळवतो की अमुक नंबरची पट्टी अमुक जोराने दाबली. मधली सफेद एक म्हणजे ६०, जोर १ ते १२७ मधला कुठलातरी आकडा. पट्टी सोडली की दुसरा निरोप. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून १९८३ साली ही भाषा बाजारात आली आणि अजून तीच चालते. सूर काढायचं काम लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरचं. मी रीपर नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरते, ६० दिवस वापरून बघता येतं, मग विकत घेतलं. पेटीच्या आवाजासाठी स्फोरझांडो नावाचा फुकट प्लेअर आणि त्यात एक साउंडफॉन्ट, म्हणजे खऱ्या वाद्याच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांची फाइल. सेटिंगमध्ये जाऊन मिडी इनपुट चालू करायचं, ट्रॅकवर वाद्य टाकायचं, लाल बटण दाबून मॉनिटरिंग, म्हणजे वाजवतानाच ऐकू येणं, चालू करायचं. यातलं एक जरी राहिलं तरी पुन्हा शांतता. मला दोन संध्याकाळी लागल्या.

आवाज आला आणि खरी डोकेदुखी सुरू झाली. पट्टी आत्ता दाबायची, सूर मागून येणार. फार नाही, डोळा मिटून उघडावा एवढाच उशीर. आलाप करताना चालून जातं. पण भजनी ठेका लावला की दुसऱ्याच आवर्तनाला मी मागे. उशीर भरून काढायला हात आपोआप घाई करतो, मग ठेका धावतो, मग सगळंच कोसळतं. त्यात मी कानाला ब्लूटूथचे हेडफोन लावलेले. ब्लूटूथला स्वतःचा उशीर असतो, दीड-दोनशे मिलिसेकंदांच्या घरातला. तो असताना बाकी काहीही दुरुस्त करून उपयोग नाही. वायरचे साधे हेडफोन लावले आणि निम्मं दुखणं तिथेच गेलं.

उरलेलं निम्मं बफरचं. लॅपटॉप आवाज थेंबाथेंबाने सोडत नाही, तांब्या भरला की ओततो. तो तांब्या म्हणजे बफर. एका सेकंदाच्या आवाजाचे ४४,१०० बारीक तुकडे, म्हणजे नमुने, धरले तर ५१२ चा बफर भरायला सुमारे ११.६ मिलिसेकंद लागतात, १२८ चा जवळपास ३ मध्ये भरतो. वर ड्रायव्हरची, म्हणजे लॅपटॉप आणि आवाजाचं यंत्र जोडून देणाऱ्या सॉफ्टवेअरची, थोडी भर. आकडे वाचून मला काही कळलं नव्हतं, पण पुण्याला शिकणाऱ्या भाच्याने सांगितलं की आवाज एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद घेतो. म्हणजे ५१२ वर वाजवणं म्हणजे आपली पेटी कुणीतरी चार मीटर लांब, पडवीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून देणं. १२८ वर ती हातभर पुढ्यात येते. हे ऐकलं आणि डोक्यात प्रकाश पडला. देवळात पखवाज तेवढ्या अंतरावर असतोच की, आपण सांभाळून घेतो. पण स्वतःची पेटी तिथे नको.

विंडोजवर एवढा छोटा बफर हवा तर सहसा आसिओ जातीचा, कमी उशिराचा ड्रायव्हर लागतो. सुरुवातीला मी आसिओफॉरऑल हा फुकटचा टाकला. काम झालं, फक्त रीपर उघडं असलं की लॅपटॉपवरचे बाकीचे आवाज मुके. नंतर गाण्यासाठी माइक हवा म्हणून छोटा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि हेडफोन लॅपटॉपला जोडायची डबी, घेतला, त्याचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर होता, तेव्हापासून ती कटकट संपली. (कीबोर्ड इंटरफेसला जोडायचा, अशी माझी समजूत होती. यूएसबीचा कीबोर्ड सरळ लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टला लागतो.) वाजवताना बफर १२८ ठेवते. ६४ करून बघितला तर माझ्या जुन्या लॅपटॉपवर तेलात मोहरी टाकल्यासारखी तडतड. सगळं वाजवून झालं आणि नुसतं मिक्सिंग उरलं की १०२४ करते, तेव्हा उशीर झाला काय, नाही काय.

आता ज्याने मला सगळ्यात जास्त छळलं ते. पेटीवाल्या बाईचा डावा हात पंचवीस वर्षं भात्यावर असतो. उजवा वाजवतो हे लोकांना दिसतं, पण गाणं श्वास घेतं ते डाव्याने. कीबोर्डवर तो हात रिकामा. मांडीवर ठेवला तर वाजवलेलं सपाट यायचं, म्हशीच्या पाठीवर पाऊस पडावा तसं एकसुरी. शिवाय पट्ट्यांना जोर कळतो, जो पेटीला कळत नाही. पेटीवर करंगळी हलकी पडली काय, अंगठा जड पडला काय, सूर भात्याप्रमाणे येतो. इथे माझी करंगळी कुजबुजत होती आणि अंगठा ओरडत होता. पंधरा दिवस मला वाटत होतं आपला हात बिघडला.

पट्ट्यांचा प्रश्न सोपा निघाला. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जोर पक्का करून ठेवता येतो, मी १०० वर बांधून टाकला. कशीही दाबा, आकडा तोच. मग आवाज कमीजास्त करायला काय? डाव्या बाजूला दोन चाकं असतात. एक सोडलं की आपोआप मधोमध येतं, ते सूर वरखाली सरकवायचं. दुसरं जिथे सोडाल तिथे राहतं, ते मॉड्युलेशनचं. या दुसऱ्या चाकाच्या निरोपाचा नंबर मुळात १ असतो, तो सेटिंगमध्ये जाऊन ११ केला. ११ म्हणजे एक्स्प्रेशन, वाजत्या सुराचा आवाज चढवणं-उतरवणं. झाला भाता. चाक पुढे सारलं की सूर फुगतो, मागे घेतलं की मावळतो, आणि हे सगळं सुरांबरोबरच रेकॉर्ड होतं.

पहिले आठ दिवस मी चाक शून्यावर सोडून वाजवायला बसायचे आणि आवाज का येत नाही म्हणून वायरी तपासायचे. भाता न मारता पेटी वाजवायला बसलेली बाई आमच्या मंडळात कुणी पाहिली नसेल, मी घरात रोज होते. खऱ्या भात्याची सर नाहीच, हे सांगायला हवं. भात्याला हाताखाली हवेचा दाब लागतो, ओढाताण कळते. चाक काही सांगत नाही, नुसतं फिरतं. तरी ओळीच्या शेवटी श्वास सोडल्यासारखा सूर सोडता येऊ लागला आणि त्या दिवसापासून मी या वस्तूला वाद्य म्हणायला लागले.

पहिल्या चाकाने मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येते, जी पेटीवर कधीच येत नाही. मी हरखून गेले. दर दुसऱ्या सुरावर मींड. रेकॉर्डिंग पाठवलं तर मंडळातल्या काकूंचा फोन आला, "अगो, पेटी लाडात आलीय की काय?" आता अख्ख्या भजनात एखादी ठेवते.

पाय ठेवला की सूर लांबवणारा सस्टेन पेडलही लावून बघितला, भाच्याचा उसना. पण पाय ठेवला की सूर तुटायचे, उचलला की लांबायचे, सगळं उलटं. कीबोर्ड आधी चालू करून पेडल मागून खोचला होता. माझा कीबोर्ड चालू होताना पेडल कुठल्या जातीचा आहे ते बघून घेतो, म्हणून आधी पेडल आणि मग वीज. पण सस्टेन पेडल पेटीच्या कामाचा नाही, परत दिला.

फायद्याचं बोलायचं तर एक गोष्ट बाकी सगळ्यावर भारी आहे. मी रेकॉर्ड करते ते निरोप, आवाज नव्हे. श्रावणात पत्र्यावर असा पाऊस असतो की घरात शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. त्या पावसात मी पेटीचा ट्रॅक वाजवून ठेवते, त्यात पावसाचा थेंब शिरत नाही, पंखा नाही, कुकरची शिट्टी नाही. पाऊस थांबला की माइक लावून फक्त गाते. चाल मी काळी एकमध्ये बसवलेली असते आणि मंडळ सफेद पाचमध्ये गातं, तर सगळे सूर निवडून सहा पायऱ्या वर ढकलायचे, किंवा सहा खाली, जिथे कानाला बरं वाटेल तिथे. लय धिमी हवी तर आकडा बदलायचा. अवघड जागी चुकलेला कोमल निषाद उंदराने धरून शुद्ध करायचा. पाच मिनिटांचं भजन सुरांच्या रूपात काही किलोबाइटचं, तेच पूर्ण दर्जाचा आवाज म्हणून साठवलं तर पन्नासेक एमबी.

या सोयीचं एक पाप केलं. क्वांटाइझ नावाचं बटण असतं, सगळे सूर मात्रेच्या रेघेवर नेऊन उभे करतं. मुलीने कौतुकाने दाबलं. भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत जो झुलवा असतो तो इस्त्री फिरवल्यासारखा गेला. एकही सूर चुकीचा नाही आणि टाळ वाजवायची इच्छा होत नाही. आता फारच भरकटलेल्या जागी, तेही अर्ध्या जोराने लावते.

तक्रारी आहेत. पहिल्या महिन्यात वाजवता वाजवता कीबोर्ड मरायचा, वीस-पंचवीस मिनिटांनी. वीज वाचवायला लॅपटॉप यूएसबी पोर्ट झोपवत होता, डिव्हाइस मॅनेजरमध्ये ती परवानगी काढून घेतली आणि हबऐवजी सरळ पोर्टला लावला, पुन्हा झालं नाही. पट्टी दाबलेली असताना सप्तक बदलायचं बटण दाबलं की कधीकधी सूर लटकतो, कारण सोडल्याचा निरोप भलत्याच नंबराचा जातो. पट्ट्या माझ्या पेटीपेक्षा रुंद आणि खोल, स्प्रिंगच्या, दोन तास वाजवलं की मनगट बोलतं. शिवाय टकटक वाजतात, त्यामुळे गात गात वाजवणं माइकसमोर अशक्य. डिसेंबरपासून वरच्या सप्तकातली एक काळी पट्टी जड झाली आहे. आणि पेटीचा साउंडफॉन्ट कितीही चांगला घ्या, पेटीतले खर्ज आणि नर, म्हणजे खालचे आणि मधले, सूर एकत्र लावल्यावर खोलीत जी गुंज उठते ती हेडफोनमध्ये उठत नाही.

दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली, पेटी पुन्हा मोकळी वाजू लागली. कार्तिकात काकड आरतीला पहाटे पेटी घेऊन बसले, पहिली ओळ सुरू, उजवा हात फिरतोय आणि डावा हात पेटीच्या डाव्या कडेला चाक शोधतोय. काकू मागून म्हणाल्या, "भाता मार गो!"

तर देवळात पेटी, घरी रेकॉर्डिंगला कीबोर्ड, अशी वाटणी झाली आहे. ४९ पट्ट्या मला पुरतात, पेटीच्या साडेतीन सप्तकांपेक्षा अर्धं सप्तक जास्तच मिळतं. पुढचा घेईन तो मागे एक्स्प्रेशन पेडलची जागा असलेला, म्हणजे भाता पायाला जाईल आणि डावा हात खर्जाचा सा धरून ठेवायला मोकळा होईल. तोवर या चाकावर चालेल, त्याच्या रबरावरची नक्षी मात्र आत्ताच गुळगुळीत झाली आहे.