डोळ्याच्या पडद्याची सूज आणि लेझर: दहा महिन्यांनंतर

मी शिलाईकाम करते. गेल्या श्रावणाच्या आदल्या श्रावणात डाव्या डोळ्याने मोजपट्टी मध्येच वाकलेली दिसू लागली. घराजवळच्या दवाखान्यात मोतीबिंदूची सुरुवात म्हणून थेंब दिले आणि दोन महिने गेले. ते दोन महिने अजून बोचतात.

मग मिरजेला गेले. पडद्यावरच्या शिरेची एक फांदी बंद पडली होती, आणि तिच्यातून रक्त-पाणी झिरपून पडदा सुजला होता. धमनी आणि शीर एकमेकींना ओलांडतात तिथे दोघींचं आवरण एकच असतं, आणि बीपीने कडक झालेली धमनी शिरेला दाबते. माझं वरचं बीपी 170 निघालं, मला पत्ताच नव्हता! ओसीटीत, म्हणजे पडद्याच्या स्कॅनमध्ये, पडद्याची मधली जाडी 490 मायक्रॉन. ती 300 च्या आत हवी.

आधी सुजेसाठी डोळ्यात महिन्याला एक अशी तीन इंजेक्शनं झाली. दर वेळी सूज उतरायची, पण तिसऱ्यानंतर सहा आठवड्यांत परत चढली. तोवर पडद्यावरचं रक्त शोषलं गेलं होतं, म्हणून माघात ग्रिड लेझर केलं, म्हणजे सुजलेल्या भागावर जाळीसारखे बारीक लेझरचे ठिपके. हनुवटी टेकवायची, डोळ्यावर भिंग ठेवतात, लखलख उजेड पडतो. दहा-पंधरा मिनिटांत संपलं. दुखलं असं नाही, थोडं टोचल्यासारखं झालं.

लेझरने बंद शीर उघडत नाही, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ते फक्त गळती कमी करतं, तेही सावकाश. पहिला महिनाभर काहीच फरक नव्हता, मी रडले. चौथ्या महिन्यात जाडी 330 झाली, आता 280 आहे. नजर 6/24 वरून 6/12 वर आली. मध्ये एकदाच इंजेक्शन लागलं. खर्चाचा मोठा भार त्याचाच होता.

मैत्रिणीच्या सासऱ्यांची मुख्य शीरच बंद झाली होती. त्यांना सुजेसाठी लेझर करायला डॉक्टरांनी नकार दिला. फांदीच्या आजारात लेझरने नजर सुधारते हे अमेरिकेतल्या 1984 च्या अभ्यासात दिसलं, पण मुख्य शिरेच्या 1995 च्या अभ्यासात सूज उतरूनही नजर वाढली नाही. दोन्ही आजार एकच समजू नका.

पांढऱ्या कापडावर मला अजून बारीक करडे ठिपके दिसतात, ते लेझरचे डाग. बीपीची गोळी एकदाही चुकवत नाही. सरळ शिवण जमते, काजं मात्र अजून मुलगीच करते.